बर्फावरचे इंटर्न

इंटर्नशिप लागली की घरी पहिला प्रश्न काय येतो? 'पैसे किती देणार?' आणि आपण जरा घसा खाकरून सांगतो, 'पगार नाही गं आई, स्टायपेंड.' सरकारी मराठीत याला विद्यावेतन म्हणतात. शब्द छान आहे. त्यात विद्याही आहे आणि वेतनही. महिनाअखेरीला हिशेब मांडला की मात्र कळतं, वेतनातलं बरंचसं विद्येच्या खात्यात जमा झालंय.

आज ज्या मुलांबद्दल सांगणार आहे, तीही स्टायपेंडवरच जगतात. वय सोळा ते वीस. म्हणजे अकरावीपासून डिग्रीच्या शेवटच्या वर्षापर्यंत, आपल्याच कट्ट्यावरची म्हणा ना. फरक इतकाच की यांचं काम बघायला हजारो लोक तिकीट काढून येतात, मॅच टीव्हीवर दिसते आणि त्यांच्या नावाच्या जर्सी दुकानात विकल्या जातात. ही मुलं कॅनडातली ज्युनिअर आइस हॉकी खेळतात.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझा मावसभाऊ ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनरला शिकतो. शिकता शिकता कॉफीच्या दुकानात काम करतो. एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, 'अगं, दुपारी माझ्याच काउंटरवरून हॉट चॉकलेट घेऊन गेलेला पोरगा रात्री मॅचमध्ये दिसला. अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडत होतं. आणि तासाच्या हिशेबानं बघितलं तर त्याच्यापेक्षा मी जास्त कमावतो!' मला वाटलं, फेकतोय. म्हणून शोधायला बसले. तो फेकत नव्हता. उलट जे हाती लागलं, ते तुम्हाआम्हालाही बरंच लागू पडणारं निघालं.

ही लीग आहे तरी काय?

कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजे सीएचएल, ही तीन लीगची मिळून एक छत्री आहे. ऑन्टारिओ हॉकी लीग, वेस्टर्न हॉकी लीग आणि क्वेबेकसह पूर्वेकडच्या प्रांतांची क्वेबेक मेरीटाइम्स लीग. २०२४-२५ च्या मोसमात या तिन्हींत मिळून ६० संघ होते. त्यातले ५१ कॅनडातले, ९ अमेरिकेतले. सप्टेंबरच्या शेवटाकडे मोसम सुरू होतो, प्रत्येक संघ साखळीतच ६४ किंवा ६८ सामने खेळतो, मग वसंतात प्लेऑफ, आणि शेवटी मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या कॅनडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून हा चषक खेळला जातो. तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान, असे चार संघ त्यात उतरतात.

तुमच्यापैकी कुणी कॅनडाला शिकायला जायचा विचार करत असेल, तर ही नावं कानावरून गेली असतील: लंडन, विंडसर, किचनर, ओशावा, सडबरी, ब्रॅम्प्टन. आपल्यासाठी ही कॉलेजांची गावं. तिथल्या लोकांसाठी ती आधी ज्युनिअर हॉकीच्या संघांची गावं. आपल्याकडे गावाची ओळख तालमीवरून किंवा कबड्डीच्या संघावरून सांगतात, तसंच.

या लीगमध्ये शिरायची पद्धत ऐका. साधारण पंधराव्या वर्षी मुलांचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीनं खेळाडू निवडतात. तुम्हाला कोणत्या गावी जायचं हे तुम्ही ठरवत नाही, ज्या संघानं नाव पुकारलं त्या गावी तुम्ही जाता. पुढे मोसमाच्या मध्यावर संघ खेळाडूंची अदलाबदलही करतात. म्हणजे नाताळच्या सुट्टीला घरी गेलेलं पोरगं सुट्टी संपल्यावर वेगळ्याच गावच्या शाळेत दाखल होऊ शकतं.

मोसम तर भन्नाट झाला

२०२४-२५ चा मोसम नुसता खेळ म्हणून बघितला तरी जबरदस्त होता. लंडन नाइट्स हा ऑन्टारिओचा संघ २०२४ च्या मेमोरियल कपच्या फायनलमध्ये सॅगिनॉ स्पिरिटकडून ४-३ असा हरला होता. वर्षभरानं, १ जून २०२५ ला, क्वेबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठच्या रिमूस्की या छोट्या शहरात तोच संघ पुन्हा फायनलला आला आणि मेडिसिन हॅट टायगर्सला ४-१ नं हरवून कप घेऊन गेला.

हरलेल्या मेडिसिन हॅटच्या संघात मोसमाचा सगळ्यात मोठा हिरो होता, गॅव्हिन मकेना. कॅनडाच्या पार वायव्येच्या टोकाला असलेल्या युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा, तिथल्या आदिवासी समाजातला मुलगा. घरापासून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर, आल्बर्टामधल्या मेडिसिन हॅटला येऊन खेळत होता. हॉकीत गोल केला की एक पॉइंट आणि गोल करायला पास दिला तरी एक पॉइंट मिळतो. मकेनानं ५६ सामन्यांत १२९ पॉइंट घेतले. प्लेऑफ धरून सलग ५४ सामने असे गेले, की त्याच्या नावावर पॉइंट लागला नाही असा एकही सामना नाही. वय? सतरा.

दुसरा सतरा वर्षांचा मुलगा मॅथ्यू शेफर, एरी ऑटर्सचा बचावपटू. आजारपण आणि मग ओटावातल्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत मोडलेलं गळपट्टीचं हाड, यामुळे लीगमध्ये त्याला फक्त १७ सामने खेळता आले. तरी जून २०२५ मध्ये एनएचएल या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनं पहिलं नाव त्याचंच घेतलं.

आणि मला सगळ्यात आवडलेला किस्सा ब्रेडी मार्टिनचा. हा सू सेंट मारीच्या संघाचा खेळाडू, ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेला. लॉस एंजेलिसमध्ये सोहळा चाललेला, सूटबूट घातलेली मुलं कॅमेऱ्यासमोर, आणि हा पठ्ठ्या ऑन्टारिओतल्या आपल्या घरच्या शेतावर! सोहळ्याला गेलाच नाही. घरच्यांसोबत थांबला.

त्या ड्राफ्टमधल्या पहिल्या दहा जणांपैकी आठ जण सीएचएलच्या संघांत खेळलेले होते. म्हणजे ही लीग म्हणजे काही टाइमपास नाही. जगातले उत्तम हॉकीपटू घडवणारा तो कारखाना आहे. आणि कारखाना म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: मग यात काम करणारी मुलं कामगार आहेत का?

वारावर जेवणारी पोरं

आधी त्यांचं रोजचं जगणं बघू. परगावाहून आलेला खेळाडू तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतो. अशा यजमान कुटुंबाला 'बिलेट' म्हणतात. क्लब त्या कुटुंबाला खर्चापोटी थोडे पैसे देतो, पण त्या पैशांसाठी कुणी दुसऱ्याचं सोळा वर्षांचं पोर सांभाळत नाही. सकाळचा डबा, गृहपाठ, ताप आला तर डॉक्टर, सगळं तेच बघतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वारावर जेवायची. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. गावानं शिकणाऱ्या मुलाला सांभाळायचं, ही भावना तीच. फक्त इथे मुलगा एकाच घरात राहतो आणि त्या घरची लहान पोरं त्याला दादा मानतात.

सकाळी शाळा, दुपारी सराव, जिम, व्हिडिओ बघून चुका काढणं, आणि आठवड्यातून दोन-तीन सामने. पश्चिमेकडच्या लीगमध्ये अंतरं इतकी अफाट की रात्र रात्र बसमध्ये जाते. बाहेर उणे वीस-तीस अंश, बर्फाळ रस्ते. या बसप्रवासाला तिथे एक काळी किनारही आहे. डिसेंबर १९८६ मध्ये स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजच्या बसला अपघात होऊन चार खेळाडू गेले. एप्रिल २०१८ मध्ये याच्या खालच्या स्तरावरच्या ज्युनिअर लीगमधल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोजच्या बसची ट्रकशी धडक झाली, १६ जण गेले. कॅनडात आजही लोक त्या आठवणीनं गप्प होतात.

हे सगळं मिळून आठवड्याला पूर्णवेळ नोकरीइतके तास सहज होतात. मोबदला म्हणजे राहणं, खाणं, साहित्य, प्रशिक्षण, थोडा स्टायपेंड आणि शिष्यवृत्ती. ही शिष्यवृत्ती खरोखरच चांगली आहे. ढोबळमानानं, जितके मोसम खेळाल तितक्या वर्षांची कॉलेजची फी आणि पुस्तकं. पण अटी लागू. ठरावीक मुदतीत शिक्षण सुरू करायचं, आणि व्यावसायिक हॉकीकडे गेलात तर ती गमवायची.

'तुम्ही तर विद्यार्थी!'

२०१४ मध्ये काही माजी खेळाडूंनी लीगवर खटला भरला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही काम करतो, त्यावर क्लब कमावतात, मग आम्हाला निदान किमान वेतन तरी द्या. काहींना आठवड्याला अवघे ३५ डॉलर मिळत होते, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी ऑन्टारिओत किमान वेतन तासाला ११ डॉलर होतं. म्हणजे कॉफीच्या दुकानातला नवखा मुलगा सव्वातीन तासांत जे कमावत होता, ते यांना आठवड्याला.

लीगचं उत्तरही साधं होतं. ही मुलं कामगार नाहीत, ते विद्यार्थी-खेळाडू आहेत. किमान वेतन द्यायची वेळ आली तर छोट्या गावांतले क्लब बंद पडतील.

हे उत्तर अगदीच खोटं नाही, हेही सांगायला हवं. सगळे क्लब गब्बर शेठजींचे नाहीत. किचनर रेंजर्सचंच बघा. हा संघ गावाचा आहे. मोसमाचं तिकीट घेणारे लोक त्याचं संचालक मंडळ निवडतात. आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखंच. शिवाय हॉकी हा महागडा खेळ. स्केट्स, हेल्मेट, पॅड, बर्फाच्या मैदानाचं भाडं, यात आईवडिलांचे लाखो रुपये जातात. ज्युनिअर लीगमध्ये निवड झाली की तो खर्च क्लब उचलतो. अनेक घरांसाठी तो सुटकेचा नि:श्वास असतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तिकीट पूर्ण किमतीचं विकलं जातं. बर्गर पूर्ण किमतीचा विकला जातो. प्रशिक्षकाला पगार, बसच्या चालकाला पगार, तिकीट तपासणाऱ्याला पगार. सगळ्यांना वेतन, आणि ज्याला बघायला लोक आलेत त्याला विद्यावेतन. हे गणित जरा विचित्र वाटत नाही का?

खटला चालू असतानाच सरकारांनी मध्ये उडी घेतली. कुणाच्या बाजूनं, ते ओळखा. एकेका प्रांतानं कायद्यात बदल करून ज्युनिअर हॉकीपटूंना किमान वेतनाच्या नियमातून वगळलं. ब्रिटिश कोलंबियानं २०१६ मध्ये, ऑन्टारिओ आणि क्वेबेकनं २०१८ मध्ये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं तर २०१५ मध्येच. २०२० मध्ये खटल्यात ३ कोटी कॅनडियन डॉलरची तडजोड ठरली, पण तिच्या अटींवर न्यायालयांनीच आक्षेप घेतला आणि प्रकरण आणखी लांबलं. थोडक्यात, जुन्या खेळाडूंसाठी भरपाईची वाट निघाली. पण पुढच्या मुलांसाठी 'तुम्ही कामगार नाही' हे आता कायद्यानंच लिहून ठेवलं होतं.

आणि तरी ते 'व्यावसायिक'!

खरी गंमत इथून सुरू होते. सीमेच्या या बाजूला ही मुलं 'विद्यार्थी' होती. सीमा ओलांडून अमेरिकेत गेली की तीच मुलं 'व्यावसायिक' ठरायची!

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था बघते. तिचा नियम असा होता, की सीएचएलमध्ये खेळलेला मुलगा कॉलेज हॉकी खेळू शकत नाही. कारण काय? त्याला स्टायपेंड मिळतो, आणि एनएचएलशी करार झालेले खेळाडू त्याच्यासोबत खेळतात. नियम इतका कडक होता, की आधी कॉलेजचा पर्याय शाबूत ठेवायचा असेल तर सीएचएलच्या सराव शिबिरात क्लबच्या खर्चानं फार तर ४८ तास राहायची मुभा होती. एक मॅच जरी खेळलात, तरी दार बंद.

म्हणजे कॅनडात वेतन मागितलं की ऐकायचं, 'तू विद्यार्थी आहेस.' अमेरिकेत प्रवेश मागितला की ऐकायचं, 'तू व्यावसायिक आहेस.' धोब्याचा कुत्रा, ना घर का ना घाट का!

आणि हा निर्णय घ्यायचा कधी? पंधरा-सोळाव्या वर्षी. सीएचएल निवडलं तर अमेरिकेतलं कॉलेज गेलं. कॉलेज निवडलं तर दोन-तीन वर्षं दुय्यम लीगमध्ये काढायची. दहावीच्या निकालानंतर 'सायन्स की कॉमर्स' यावर घरात झालेली महाभारतं आठवा. इथे तर एकदा पाऊल टाकल्यावर शाखा बदलून घ्यायचीही सोय नव्हती.

ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका मुलानं अमेरिकेत न्यायालयात धाव घेतली. सोळा वर्षांचा असताना तो सीएचएलच्या संघाकडून फक्त दोन प्रदर्शनीय सामने खेळला होता. तेवढ्यानं त्याचा कॉलेज हॉकीचा हक्क गेला. तीन महिन्यांत, ७ नोव्हेंबर २०२४ ला, एनसीएएनं नियमच बदलला. १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलचे खेळाडू कॉलेज हॉकी खेळू शकतील, असं जाहीर झालं. मोसम सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. खेळ तोच राहिला, पण बसमध्ये बसलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यातलं गणित बदललं.

दार उघडलं. आत कोण गेलं?

जुलै २०२५ मध्ये मकेनानं टीव्हीवर जाहीर केलं, की पुढचा मोसम मेडिसिन हॅटला नाही, अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळणार. सीएचएलचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, ज्याचं लीगमध्ये खेळायचं वय अजून बाकी होतं, तो स्टायपेंड सोडून कॉलेजात गेला. २०२१ पासून अमेरिकी कॉलेज खेळाडूंना स्वत:च्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठंही थेट महसुलातला वाटा देऊ शकतात. मकेनाला सात लाख डॉलरच्या आसपास मिळणार, अशा बातम्या आल्या. अर्थात, विद्यार्थी व्हिसावर असताना काम करण्यावर तिथे कडक बंधनं असतात, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे परदेशी खेळाडूंनी हा पैसा नेमका कसा घ्यायचा, हा वकिलांच्या अभ्यासाचा विषय झालाय.

मकेनामागोमाग ब्रॅम्प्टनकडून खेळलेला पोर्टर मार्टोन मिशिगन स्टेटला गेला, ब्रँडनचा रॉजर मक्वीन प्रॉव्हिडन्सला. दोघंही ड्राफ्टच्या पहिल्या दहांतले.

वाचायला मस्त वाटतं. पण इथे जरा थांबून हिशेब करू. अमेरिकेत पहिल्या श्रेणीची पुरुष कॉलेज हॉकी खेळणारी विद्यापीठं साठेक आहेत. महसूल वाटणीत उतरलेल्या विद्यापीठांना संघात २६ खेळाडूंची मर्यादा आहे. म्हणजे सगळ्या जागा मिळून दीड-पावणेदोन हजारांच्या घरात, आणि त्या चार वर्षांत विभागलेल्या. दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा त्याहून कितीतरी कमी. त्यावर आधी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या दुय्यम ज्युनिअर लीगमधली मुलं डोळे लावून बसायची. आता सीएचएलच्या संघांतली मुलंही त्याच रांगेत. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये वर्षाला जगभरातून २२४ नावं घेतली जातात, तिथेही तीच गर्दी. एक दार उघडलं, पण रांग लांबली.

मग फायदा कुणाचा? मकेनासारख्या ताऱ्यांचा तर झालाच. मधल्या फळीतल्या मुलाचाही झाला, कारण पंधराव्या वर्षीच्या निर्णयानं आता त्याचं कॉलेज कायमचं जात नाही. तोटा झाला तो मुख्यत: दुय्यम लीगमधल्या मुलांचा. कॉलेजच्या संघात मिळू शकणारी त्यांची जागा आता सीएचएलमध्ये तयार झालेला मुलगा घेणार. आणि सीएचएलचं काय? वरच्या टोकाचे खेळाडू एक वर्ष आधी निघून जाणार, पण कॉलेजच्या भीतीनं जी मुलं आधी यायचीच नाहीत ती आता येणार. ब्रिटिश कोलंबियाच्या दुय्यम लीगमधला पेंटिक्टनचा दादा संघ तर २०२५-२६ पासून लीग सोडून सरळ वेस्टर्न हॉकी लीगमध्येच दाखल झाला. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय, ते यावरून कळतं.

मूळ प्रश्न मात्र होता तिथेच आहे. पैसा मिळाला तो सीमेपलीकडच्या कॉलेजात. रात्रीच्या बसमध्ये बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला मिळतो तो स्टायपेंडच.

आपला काय संबंध?

आता एक गंमत बघा. मकेना आणि शेफर दोघंही २००७ चे. त्याच वर्षी जन्मलेला आपल्याकडचा एक मुलगा तुम्हाला माहितीये: विरारचा आयुष म्हात्रे. लोकलनं मुंबईला सरावाला जाणारा. २०२५ च्या आयपीएलमध्ये ऋतुराज गायकवाडला दुखापत झाली आणि चेन्नईनं या सतरा वर्षांच्या मुलाला ३० लाखांत घेतलं. वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्यानं १५ चेंडूंत ३२ धावा केल्या. त्याला कुणी म्हणालं का, 'तू शिकतोयस, तुला स्टायपेंड देतो'? नाही. खेळतोस तर करार कर, पैसे घे. वय तेच, गर्दीही तशीच, पण एकीकडे करार आणि दुसरीकडे स्टायपेंड. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला काय म्हणायचं, हे त्याच्या वयावर किंवा कामावर ठरत नाही. त्याला काय म्हटलं तर कुणाचे पैसे वाचतात, यावर ठरतं.

आयपीएल सगळ्यांना मिळत नाही, हे मान्य. पण इंटर्नशिप आपण सगळेच करतो. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत २०२४ मध्ये महिन्याला ५००० रुपये होते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला ६०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८०००, पदवीधराला १०,०००. खासगीत तर अनेकदा 'अनुभव मिळेल' एवढंच. मागच्या वर्षी एका ठिकाणी मी तीन महिने फुकट काम केलं. रोज आठ तास. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. शिकायला मिळालं का? मिळालं, खोटं कशाला बोलू. पण मी लिहिलेलं तिथे छापूनही येत होतं, आणि तेही खरंच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मला तेव्हा बोलता आलं नाही. कारण जायला दुसरी जागा नव्हती.

सीएचएलच्या या मोसमातून मी तरी एवढंच घेतलं. दहा वर्षं खेळाडू 'आम्हाला वेतन द्या' म्हणत राहिले आणि कायदे त्यांच्या विरोधात वळत गेले. त्यांची बाजू पहिल्यांदा जड झाली ती दुसरं दार उघडल्यावर. आता क्लबला मुलगा टिकवायचा असेल तर त्याला काहीतरी जास्त द्यावं लागणार, कारण तो 'जातो' म्हणू शकतो. आणि ते दार कुणी उदार होऊन उघडलं नाही. दोन मॅच खेळलेला एक मुलगा न्यायालयात गेला, म्हणून ते उघडलं.

म्हणून पुढच्या वेळी स्टायपेंडचं पत्र हातात आलं तर लाजू नका, चार गोष्टी विचारा. मी नेमकं काय शिकणार आणि कोण शिकवणार? माझं काम विकलं किंवा वापरलं जाणार आहे का? तास किती? आणि मध्येच सोडावं लागलं तर माझं काय जाणार? विचारलं म्हणून कुणी हाकलत नाही. आणि विचारल्यावरच हाकलणारी जागा असेल, तर ते पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

ही इंटर्नशिप घेताना मी हे चारही प्रश्न विचारले. उत्तरं मिळाली, स्टायपेंडही मिळतो. मावसभावाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, 'बरं झालं. इकडे रेंजर्सची पहिली मॅच आहे, दुकानात गर्दी होणार, मी पळतो.' तासाला पैसे मिळतात ना त्याला!